बैलांचं आवतन

फ्लेक्स आधीच छापून आला होता, हे छायाला मामांकडे चहा होईपर्यंत कोणी सांगितलं नाही.

चहा झाला, कपबशा आत गेल्या, आणि मामेभाऊ कैलासने पडवीतल्या पोत्यांमागून एक गुंडाळी काढून जमिनीवर पसरली. टोकं वर उचलत होती म्हणून एका टोकावर त्याने चप्पल ठेवली, दुसऱ्यावर स्वतः उभा राहिला. मधोमध आईचा फोटो होता. काळा कोट, पांढरा बँड, नाकावर जरा घसरलेला चष्मा. वर्ध्याच्या बार रूममध्ये कुणीतरी काढलेला. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बैल उधळलेला, चारही पाय जमिनीच्या वर. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: स्वर्गीय ॲड. कोकिळाबाई स्मृती भव्य शंकरपट.

छायाने ते दोनदा वाचलं. बैलजोड्यांची शर्यत बंद करा म्हणून जी बाई उमेदीची सगळी वर्षं कोर्टात उभी राहिली, तिच्या नावाने शर्यत.

"पूर्ण वाच नं," कैलास म्हणाला. "खाली पाह्य."

खाली बारीक अक्षरांत होतं: तुतारीमुक्त, काठीमुक्त, पशुवैद्यकीय तपासणी अनिवार्य. त्याच्याही खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून नावं. कैलासचं, त्याच्या वडिलांचं म्हणजे किसनमामांचं, मग बाबांचं, आणि शेवटी छायाताई.

"मी स्वागताला उत्सुक आहे," छाया म्हणाली.

"तसं लिहा लागते."

"आणि हा होणार कुठे?"

कैलासने पायाखालचं टोक सोडलं. फ्लेक्स आपोआप गुंडाळत आईच्या हनुवटीपर्यंत आला.

"पटाच्या वावरातच. दुसरीकडं एवढी सरळ जागा कुठं हाय? वावर तुमचं हाय म्हून तं विचारून राह्यलो."

"फ्लेक्स छापून विचारतोयस?"

"छापणारा पोरगा म्हणे, गणपतीत मले टाइम नाई भेटत, आताच टाका." तो खाली बसला, आवाज जरा उतरवला. "हे पाह्य छाया, पट आता कायद्यानं चालू झाला. बैलाले टोचाची आरीची तुतारी नाई, शेपटी पिरगाळणं नाई, डॉक्टरचा दाखला पाह्यजे. हे नियम कोणाचे हायेत? आत्या जे मांगत होती तेच. पटवाल्यायनं तिचं आयकलं. मंग तिचं नाव काऊन नको?"

"पट चांगला चालवा असं तिनं मागितलं नव्हतं. पट नको, असं मागितलं होतं."

"तू वकिलाची पोरगी हायेस, तुले जमते असं बोलणं. मले नाई जमत."

छायाने बाबांकडे पाहिलं. केशवराव खुर्चीत ताठ बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून. निवृत्त झाले तरी मुख्याध्यापकाची बैठक गेली नव्हती. ते फ्लेक्सच्या गुंडाळीकडे बघत होते.

"मला चालेल, छाया," ते म्हणाले.

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मामी ऐकत होती तर.

*

मुलगी आपल्याशी बोलणार नाही, हे केशवरावांना ठाऊक होतं. लहानपणापासून ती रागावली की पायी निघायची. ते तिच्या मागोमाग निघाले. केळझरच्या रस्त्याला लागून, आंब्याच्या दोन झाडांपलीकडे वावर सुरू होत होतं. अरुंद आणि लांब, मध्ये एकही बांध नाही. आजूबाजूला कपाशी कमरेपर्यंत आलेली, आणि हा पट्टा मात्र नुसता गवताचा. त्यात कोकिळाबाईंचे दोन म्हातारे बैल चरत होते, बांड्या आणि लाल्या. किसनरावांचा गडी त्यांना सकाळी सोडायचा आणि संध्याकाळी न्यायचा. बाकी काम त्यांच्याकडून कुणी घेत नव्हतं.

छाया लाल्याच्या कपाळावरची गोचीड काढत होती.

"बाबा, तुम्ही तिच्याबरोबर संसार केलात ना?" ती मागे न बघता म्हणाली.

"मीच केला."

"मग?"

केशवरावांनी काठी गवतात रोवली. याच वावरात त्यांनी कोकिळेला पहिल्यांदा पाहिलं होतं, पटाच्या गर्दीत. सगळे जोडीकडे बघत होते, आणि ही पोरगी पट सुटल्यावर जोडीच्या मागे मागे चालत होती. बैलांना काय झालं ते बघायला. पुढे ती वकील झाली, पुलगावला गिरणीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या अडवून बैलांच्या मानेवरचं जू काढायला लावू लागली, डांबरावर घसरून पडलेल्या घोड्यांसाठी फिर्यादी लिहू लागली. कोर्टात तिला बैलवाली बाई म्हणायचे. आणि एका हिवाळ्यात तिने थेट माहेरच्या पटावर फिर्याद केली. पट तिच्या वडिलांचा, भैय्याजींचा. जोडी हाकणारा तिचा थोरला भाऊ, किसनराव.

"तुला माहितेय तो दिवस," ते म्हणाले. "तू पाळण्यात होतीस, पण ऐकलंयस शंभरदा. जोडी कोर्टाच्या आवारात आणायला लावली. अंगभर हळद चोपडलेली, देवाची जोडी म्हणून. तिनं बादलीभर पाणी मागितलं आणि कोट न काढता स्वतः ती हळद धुतली. मागच्या पायांवर आरीची भोकं. एकाला लागून एक."

"माहितेय. मामांना कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. आईच्या त्या दिवशी तिथंच आणखी दोन केसेस होत्या. दोघं भाऊबहीण संध्याकाळपर्यंत एका खोलीत बसले, बोलले नाहीत. आणि आजोबांनी हे वावर तिच्या नावावर करून टाकलं, तुला बैलांचा एवढा कळवळा तर आता तूच सांभाळ म्हणून. हे सगळं मला माहीत आहे, बाबा. म्हणूनच विचारते."

"पुढचं तुला माहीत नाही." ते म्हणाले. "मी मागच्या महिन्यात बार रूमला गेलो होतो. सहज. तिचा फोटो लावला होता ना त्यांनी, हार घालून, भाषणं करून? खोलीला रंग द्यायचा म्हणून काढला. रंग झाला. फोटो परत लागला नाही. तिथल्या एका पोराला विचारलं, तर म्हणतो, कोण मॅडम?"

छाया आता वळली.

"कुठं आहे फोटो?"

"कपाटामागे. मी आणला घरी. सांगितलं नाही तुला." त्यांनी काठी गवतातून उपसली. "कैलास लाउडस्पीकर लावेल. दिवसभर नाव घेतील. पंचक्रोशीतली माणसं ऐकतील. चुकीच्या कारणासाठी का होईना. मला तेवढं पुरे आहे. माझ्यानंतर कोण घेणार आहे तिचं नाव? तू घेशील. तुझ्यानंतर?"

तिने लाल्याच्या मानेवर हात ठेवला आणि ती वावराच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली, जिथे पूर्वी पट संपायचा.

*

गोठ्यात कैलास नव्या जोडीच्या अंगावरून ब्रश फिरवत होता. बुलेट आणि बादल. उन्हाळ्याच्या शेवटी भंडाऱ्याकडच्या एका माणसाकडून त्याने ती आणली होती. गेल्या हंगामात पहिला नंबर. पांढरीशुभ्र, आखूड शिंगांची, आणि कातडी अशी की माशी बसली तरी लहर उठावी.

त्याची मुलगी आकांक्षा उलट्या टोपलीवर बसून मोबाइल बघत होती.

"बाबा, छायाआत्या चिडली."

"चिडू दे. केशवकाका हो म्हणाले."

"फ्लेक्सवर बैल मीच टाकले, म्हून मले वाईट वाटून राह्यलं. नेटवरून घेतले. एकाची शेपटी कोणाच्या तरी हातात होती, मी कापली."

"काय कापली?"

"फोटोतली, बाबा. तो हात कापला."

कैलास हसला नाही. लोकांना वाटतं त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय, आणि ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं. लहानपणी पट म्हटलं की या घरात तीन दिवस चूल विझायची नाही. आष्टीपासून माणसं यायची. आत्याच्या केसनंतर आजोबा पडवीत बसून राहायचे, आणि पाहुणे यायचे ते फक्त लग्नपत्रिका द्यायला. आत्यावर त्याचा राग नव्हता. बारावीला नापास झाला तेव्हा घरात फक्त तीच त्याच्याशी धड बोलली होती. त्याला दोन्ही हवं होतं, पटही आणि आत्याही. आणि कायद्याने आता ते एकत्र बसत होतं, तर छायाला काय अडचण आहे ते त्याला खरंच कळत नव्हतं.

त्याची आई रुख्माबाई पळसाची पानं घेऊन दारात आली.

"कैलास, उद्या सकाळी गाडी कायची येऊन राह्यली? तो गाडीवाला पोरगा विचारत होता फोनवर."

"पिकअप हाय. जोडी पुलगावकडं न्याची हाय, सरावाले. जोडी हाकणारा धुरकरी तिकडचा हाय नं."

"पोळ्याच्या दिवशी? बैल घराबाहेर?"

"घरात सणच कुठं हाय, आई? तूच म्हणे, कोकिळाबाईचं वर्ष होईपर्यंत पुरण नाई, तळण नाई. मंग बैल अठी राहून काय करतीन?"

रुख्माबाईने पानं खाली ठेवली. लग्न झालेल्या लेकीचं सुतक माहेरी तीन दिवसांचं. वर्षभराचा दुखवटा तिने स्वतः होऊन धरला होता. नणंद दर पोळ्याच्या आदल्या दिवशी या घरी यायची, भाऊ तिच्याशी बोलत नव्हता त्या सगळ्या वर्षांतही. गोठ्यात जाऊन बैलांचे खांदे शेकायची, दारातच पाणी प्यायची आणि शेवटच्या बसने परत जायची. तिला आत ये म्हणायची रुख्माबाईची तेव्हा छाती झाली नव्हती.

"सण माणसायचा नाई," मागून किसनराव म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले, कुणाला कळलं नव्हतं. "माणसायचा दुखवटा माणसायपाशी. बैलाले काऊन सुतक? खांद शेकू. म्हून तं बोलावलं छायाले अन् तिच्या बापाले."

"तुम्ही पटाच्या बाजूनं हाय का कोकिळाआजीच्या बाजूनं, ते एकदा सांगा, आबा," आकांक्षा म्हणाली.

"मी आता जेवणाच्या बाजूनं हावो," किसनराव म्हणाले. "चाल, शेगडी आण बाहेर."

*

दिवस मावळायच्या आत खांद शेकायची, म्हणून अंगणात लहान गॅसची शेगडी आणली. पितळी गंजात तूप आणि हळद. चारही बैल गोठ्याबाहेर ओळीने बांधले. अलीकडे बांड्या आणि लाल्या, पलीकडे बुलेट आणि बादल.

किसनरावांनी पळसाचं पान कोमट तुपात बुडवलं आणि बांड्याच्या खांद्यावर दाबलं. जुवाखाली वर्षानुवर्षं घासून तिथली कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. बांड्याने डोळे मिटले. वर्षभर ज्या जागेवर ओझं असतं, त्या जागेला एक संध्याकाळ. त्यांच्या बापानेही असंच केलं होतं, त्याच्याही बापाने. आणि मग दोन महिन्यांनी तोच हात तुतारी उचलायचा, तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही.

त्यांना वाटायला कोर्टात बसावं लागलं. फिर्यादीच्या वकिलाच्या बाजूला कोकिळा उभी राहून त्याला प्रश्न सुचवत होती. तुतारी कोणी बनवली? लोहारानं. आर कोणी बसवली? लोहारानंच. वापरायला कोणी सांगितलं? बापानं. मग वकिलाने विचारलं, आणि हातात कोणाच्या होती? किसनरावांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी जोडी हाकली नाही. लोक म्हणाले, शिक्षेला भ्याला. बहिणीला त्यांनी खरं कधी सांगितलं नाही. पुढे बोलणं सुरू झालं तेही पावसाचं, कपाशीचं, पोराबाळांचं.

त्यांनी बांड्याच्या कानाशी वाकून दर वर्षीसारखं म्हटलं, "भैय्याजीच्या घरचं आवतन घ्या. उद्या जेवाले या." मग लाल्याला तेच. या घरात आवतन घरधन्याच्या नावाने द्यायची रीत होती. भैय्याजी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी किसनरावांनी तिथे आपलं नाव लावलं नव्हतं.

"आता माह्या जोडीले," कैलास म्हणाला. "छाया, तू शेक. ये इकडं. हात लावून पाह्य सगळीकडं. आत्या पाह्यची तसं."

छाया पुढे आली. तिने पान घेतलं, बुलेटचा खांदा शेकला, मग पान बाजूला ठेवून उघडा हात पाठीवरून मागे नेला. पुठ्ठ्यावरून, मांडीवरून, शेपटीच्या मुळाशी. हळू. किसनराव तिच्या बोटांकडे बघत होते. डोळे मिटले असते तर कोकिळाच उभी आहे असं वाटलं असतं. ती बादलच्या मागे गेली. तिथेही तसंच.

"काही नाही," ती म्हणाली.

"मी काय सांगत होतो?"

"काहीच नाही, दादा. एक ओरखडासुद्धा नाही." तिने हात पदराला पुसला आणि केशवरावांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या काठावर आले होते. तिचा चेहरा सैल झाला होता. थकल्यासारखा. "बरं. बोलू आपण. फ्लेक्सवरचं माझं नाव काढ, बाकीचं बोलू."

किसनरावांना कळलं, ती हो म्हणते आहे. बापासाठी.

तेवढ्यात वारा आला आणि शेगडी विझली. आकांक्षा खाली बसली, चावी फिरवली आणि लाइटर दाबला. टक्. पेटलं नाही. टक्, टक्.

बुलेटने दावं तोडलं.

तो आधी खाली बसल्यासारखा दबला, मागचे पाय पोटाखाली घेतले, आणि मग सगळ्या ताकदीने पुढे सुटला. तुपाचं गंज उडालं. बादल खुंट्याला अडकला होता, तो जागच्या जागी थरथरत होता. शेपूट आत घेतलेली, आणि मूत सुटलं होतं. बुलेट अंगणाच्या भिंतीपर्यंत जाऊन थांबला. तिथून पुढे जागा नव्हती. तोंडाला फेस.

बांड्या आणि लाल्या रवंथ करत होते.

"अगं, काय केलं तू?" रुख्माबाई म्हणाली.

"मी काई नाई केलं. लाइटर वाजवला." आकांक्षाने हातातल्या लाइटरकडे पाहिलं आणि तो जमिनीवर ठेवला, लांब.

किसनराव भिंतीकडे गेले. बुलेटला त्यांनी आधी वासावर येऊ दिलं, मग गळ्याखाली हात घातला. बैलाचं काळीज त्यांच्या तळहातावर आपटत होतं.

"मशीन हाय," ते म्हणाले. "बॅटरीची. मुठीत मावते. शेपटीखाली लावली का करंट बसते. लावायच्या आधी असाच आवाज येते, टकटक. मंग बैलाले लावाचं कामच नाई पडत. नुसतं वाजवलं तरी पळते."

"मी नाई लावलं, बाबा," कैलास म्हणाला. तो पांढरा पडला होता. "आईची शपथ. माह्यापाशी तशी मशीन नाई."

"माहीत हाय. तू नाई लावलं." किसनराव बैलाच्या गळ्यावरून हात फिरवत राहिले. "ज्यानं लावलं, त्यानं पहिला नंबर आणला. पहिला नंबर आला म्हून तू जोडी घेतली. मीही तुतारी नोती बनवली. माह्या फक्त हातात होती."

कैलासने तुटलेलं दावं उचललं.

"आमच्या वेळेस खुणा राहत," किसनराव म्हणाले. "कोकिळेनं बादलीभर पाण्यानं धुतल्या अन् साहेबाले दाखवल्या. आता धुवाले काई नाई."

*

बुलेटला परत आणून बांधायला वेळ लागला. छाया भिंतीशी उभी होती. आपण मघाशी किती सहज "काही नाही" म्हणालो, ते तिच्या कानात होतं. आईचा हात असता तर त्याला लागलं असतं का? तिला प्रामाणिकपणे वाटलं, नसतंच. हाताला लागण्यासारखं तिथे काही नव्हतंच. आई असती तर तिला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं असतं, आणि ती शिकली असती. चष्मा पुसून, कुरकुर करत.

केशवराव तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मी चुकलो," ते म्हणाले.

"नाही, बाबा. तुम्हाला जे हवं होतं त्यात चूक काही नव्हतं."

अंगणात किसनरावांनी रुख्माबाईकडून पुन्हा थोडं तूप मागून घेतलं होतं. शेगडी आता काडीपेटीतल्या काडीने पेटवली. बादलचा खांदा शेकायचा राहिला होता तो त्यांनी शेकला. मग पान खाली ठेवून ते सरळ झाले.

"कैलास, या दोघायले आवतन देऊ का?"

"द्या नं."

"देईन. पण आवतन देल्लं तं उद्या जेवाले अठी पाह्यजेत. जेवाले बोलवून गाडीत नाई चढवत."

कैलास फोन हातात घेऊन उभा राहिला. आकांक्षा त्याच्याकडे बघत होती, आणि तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. मग तो आंब्याच्या बाजूला, जरा दूर गेला. तरी आवाज येत होता.

"हो, मी कैलास. उद्या गाडी नको आणू... नाई. नाई भाऊ, परवाही नको... धुरकऱ्याले सांग, मीच सांगतो म्हून... अरे, काई नाई झालं. बैल ठीक हायेत." तो पलीकडचं ऐकत होता. "नाई, विकाचेही नाई. विकले तं पुन्हा तेच होईन."

तो परत आला आणि फोन खिशात ठेवला.

"द्या," म्हणाला.

किसनराव बुलेटच्या कानाशी वाकले. वाकले आणि थांबले. छायाला वाटलं, शब्द विसरले की काय. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली.

"कोकिळेच्या घरचं आवतन घ्या," ते म्हणाले. "उद्या जेवाले या."

मग ते बादलकडे गेले आणि तेच म्हणाले, जरा मोठ्याने. मग अलीकडे येऊन बांड्या आणि लाल्यालाही नव्याने, पहिलं आवतन दिलंच नव्हतं असं. कोकिळेच्या घरचं. चार वेळा नाव घेतलं. केशवरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात छायाच्या खांद्यावर ठेवला. त्यांचा हात जड लागत होता.

"आता दर साल असंच म्हणाचं," किसनराव आकांक्षाला म्हणाले. "मी नसलो तं तू म्हणजो. ध्यानात ठेवजो."

"मी म्हणू, आबा? पोरीनं?"

"तिनं कोणाले इचारलं होतं?"

थेंब पडायला लागले. कैलासने पडवीतून फ्लेक्सची गुंडाळी आणली, बैलांच्या चाऱ्याचा, कुटाराचा ढीग झाकायला उघडली आणि क्षणभर तसाच उभा राहिला. चित्र वर ठेवावं की खाली, हे त्याला ठरत नव्हतं.

"वर ठेव," छाया म्हणाली. "तिला पावसाचं काही नाही. अक्षरं तेवढी खाली दुमड."

त्याने अक्षरं दुमडली. उधळलेले बैल बाजूच्या उतारावर गेले, आणि कुटाराच्या माथ्यावर आईचा चष्मा घातलेला चेहरा राहिला, आभाळाकडे बघत. आकांक्षाने कडेला विटा ठेवल्या.

स्वयंपाकघरात रुख्माबाई कोठीतला डबा पुढ्यात घेऊन बसली होती. उघडत नव्हती.

"पुरण नाई म्हटलं होतं म्या," ती म्हणाली. दारात कैलास होता, त्याच्या मागे छाया. "वर्षभर नाई म्हटलं होतं. अन् हे तिकडं आवतन देऊन आले, तेही तिच्या नावानं. आता तिच्या नावानं बोलावलेल्यायले मी काय नुसतं कुटार घालू?"

"मामी, नको वाटत असेल तर—"

"वाटाचं काय त्यात? आवतन देल्लं तं शिजवाच लागते." तिने डब्याचं झाकण काढलं. चणाडाळीत वाटी घातली. "किती जणायची भिजवू?"

हा प्रश्न तिने कैलासला विचारला होता. तो चौकटीला टेकून उभा होता, केसांवरून पाणी गळत होतं.

"चौघायची," तो म्हणाला.

रुख्माबाईने डाळ सुपात ओतली आणि सूप छायाकडे सरकवलं.

"निवड," ती म्हणाली. "नीट पाहून निवडजो. तुह्या मायले बैलाच्या घासात खडा खपत नोता."

छायाने सूप मांडीवर घेतलं आणि उजेडाकडे तोंड करून बसली.